चमकणारे नॅनोकण: साइज बिघडते ती ३०० अंशांच्या आधीच. या चुका टाळा

इंदुरात खंडवा रोडला देवी अहिल्या विद्यापीठाचा परिसर, तिथलंच यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन केंद्र, पुढे सिमरोलला आयआयटी, आणि राजेंद्रनगरच्या पलीकडे आरआरकॅट ही लेझर संशोधन संस्था. या पट्ट्यात नॅनोकणांवर प्रकल्प करणारी जी मराठी मुलंमुली भेटतात, त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते: "ताई, रेसिपी तीच, बाटल्या त्याच, तापमानही ३०० च ठेवलं. मागच्या खेपेला २५ नॅनोमीटरचे छान गोल कण आले, या खेपेला षटकोनी चकत्या. आता ३०० वर अजून अर्धा तास ठेवू का?"

नका ठेवू. ३०० अंशांवर काय होणार हे बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं: तराजूपाशी, मिथेनॉलच्या फ्लास्कपाशी, ओलेइक ॲसिडच्या बाटलीपाशी. वरच्या तापमानाशी खेळत बसलेली मुलं तिथंच चुकतात.

हे सगळं इटर्बियम आणि अर्बियम घातलेल्या सोडियम इट्रियम फ्लोराइडबद्दल आहे. ९८० नॅनोमीटरचा अदृश्य लेझर मारला की हा पदार्थ हिरवा आणि लाल उजेड देतो, म्हणजे अपकन्व्हर्जन. त्याचे दोन स्फटिकप्रकार आहेत, घनाकृती आणि षट्कोणी. षट्कोणी प्रकार साधारण दहापट तेजस्वी असतो, म्हणून सगळे त्याच्या मागे. पद्धत २००८ च्या सुमारास रूढ झालेली: एकूण १ मिलिमोल क्लोराइड क्षार ६ मिली ओलेइक ॲसिड आणि १५ मिली ऑक्टाडेसीनमध्ये १५०-१६० अंशांवर विरघळवायचे, ५० अंशांपर्यंत किंवा त्याखाली थंड करायचे, त्यात मिथेनॉलमधून २.५ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ४ मिलिमोल अमोनियम फ्लोराइड घालायचं, अर्धा तास ढवळायचं, मिथेनॉल उडवायचं, निर्वातात १०० अंशांवर उरलंसुरलं काढायचं, आणि आर्गॉनखाली ३०० वर तास-दीड तास. कागदावर सोपं आहे.

रंगावरून साइज ओळखू नका

क्वांटम डॉट्सचा बोलबाला इतका झालाय (२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना त्यासाठीच मिळालं) की कण लहान केला की रंग निळ्याकडे सरकणार, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉट्ससाठी ते अगदी खरं आहे. आपल्या कणांना ते लागू नाही. इथं उजेड येतो लँथनाइड (इटर्बियम, अर्बियमच्या गटातल्या) आयनांच्या ४एफ कवचातल्या इलेक्ट्रॉनांकडून, आणि ते बाहेरच्या ५एस, ५पी कवचांच्या आड दडलेले असतात. कण १० नॅनोमीटरचा असो की ५०, अर्बियमच्या हिरव्या रेषा ५२० ते ५५० च्या पट्ट्यात आणि लाल रेषा ६५० च्या आसपासच राहतात.

बदलतं ते तेज, आणि हिरव्या-लालचं प्रमाण. लाल वाढला तर कण घनाकृती राहिले असतील, पृष्ठभागाचा वाटा वाढला असेल, इटर्बियम जास्त पडलं असेल, किंवा नुसताच लेझरचा करंट जास्त असेल. एका लक्षणाची चार कारणं असतात तेव्हा त्या लक्षणावरून प्रबंधाचं प्रकरण लिहू नये.

तराजू

इथं मी जरा थांबणार आहे, कारण अर्ध्याहून जास्त बिघाड इथलेच असतात.

पहिली गोष्ट, लेबल नीट वाचा. इट्रियम क्लोराइडचा हेक्साहायड्रेट असेल तर रेणूभार ३०३.४, निर्जल असेल तर १९५.३. हायड्रेटचा आकडा धरून निर्जल क्षार वजन केला की इट्रियम दीडपटीहून जास्त पडलं, आणि फ्लोराइडचं गुणोत्तर ४ वरून २.८ च्या आसपास घसरलं. मग षट्कोणी कण येत नाहीत म्हणून तापमानाला दोष. इट्रियम आणि इटर्बियमच्या बाटल्यांची अदलाबदलही होते. नावं सारखी, पावडर दोन्ही पांढऱ्या. बाटलीच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट अर्बियमची. ७८:२०:२ या प्रमाणासाठी इट्रियमचा हेक्साहायड्रेट २३६.६ मिलिग्रॅम लागतो, इटर्बियमचा ७७.५, आणि अर्बियमचा फक्त ७.६. साध्या तराजूवर एका मिलिग्रॅमची चूक झाली तर इट्रियमला ती जाणवतही नाही, अर्बियममध्ये मात्र १३ टक्क्यांचा फरक पडतो. पंख्याखालच्या तराजूवर ७.६ मिलिग्रॅम कुणी काढूच नये. ०.१ मोलर द्रावण करून ठेवा आणि त्यातलं २०० मायक्रोलिटर घ्या. त्यातलं पाणी किंवा मिथेनॉल पहिल्या तापवण्यातच निघून जातं. तिन्ही क्षारांची अशी द्रावणं केली तर आणखी उत्तम: महिनाभराच्या सगळ्या बॅचेस एकाच पायावर उभ्या राहतात.

तिसरी गोष्ट अमोनियम फ्लोराइड, म्हणजे खरा गुन्हेगार. ४ मिलिमोल म्हणजे १४८ मिलिग्रॅम. हा क्षार हवेतलं पाणी ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये माळव्यात पाऊस धरला की उघडझाप झालेल्या बाटलीतली पावडर गोळ्या होऊन बसते. तिच्यात १० टक्के पाणी असेल तर तुम्ही ४ समजून ३.६ टाकताय. या रेसिपीत फ्लोराइड आधीच काठोकाठ आहे, दर लँथनाइडमागे बरोबर ४, शिल्लक काहीच नाही. कमी पडलं की घनाकृती कण रेंगाळतात आणि साइज पसरते. लहान बाटली विकत घ्या, डेसिकेटरमध्ये ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. द्रावण काचेत साठवू नका, प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. फ्लोराइड काच खातो. आणि ते कुठल्याही आम्लाच्या कचऱ्यात ओतू नका, हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब हुडशेजारी दिसेल अशी ठेवा, कपाटात कुलूपबंद नाही.

सोडियम हायड्रॉक्साइडचे २.५ मिलिमोल म्हणजे १०० मिलिग्रॅम. एक गोळी कधी तेवढी भरते, कधी जास्त. "एक गोळी टाकली" हे वजन झालं नाही. मिथेनॉलमधलं ताजं द्रावण करून मोजून घ्या. हा आकडा आकारावर थेट परिणाम करतो, ते पुढे येतंच.

दोन द्रावणं मिसळून चहाला जाऊ नका

हायड्रॉक्साइड आणि फ्लोराइडची मिथेनॉलमधली द्रावणं एकत्र करून मग फ्लास्कमध्ये ओततात. एकत्र केल्या क्षणापासून सोडियम फ्लोराइड बनायला लागतं, आणि ते मिथेनॉलमध्ये फारच कमी विरघळतं. पाच मिनिटांनी परत आलात की तळाशी पांढरा गाळ दिसतो. जो फ्लोराइड तिथं बसला तो लँथनाइडला वेळेवर भेटत नाही. मिसळा आणि लगेच ओता.

आणि ओतताना फ्लास्क खरंच ५० अंशांखाली आहे ना, ते बघा. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं. १०० अंशांच्या तेलात ते पडलं तर एकदम उसळून द्रव बाहेर येतोच, पण स्फटिकांची बीजं बनण्याची सुरुवातही कुठं आधी कुठं नंतर अशी होते. अर्धा तास ढवळण्यामागचा हेतू हा की सगळा फ्लोराइड कमी तापमानालाच बारीक कणांत अडकून जावा. म्हणजे पुढं ३०० वर मोकळा फ्लोराइड उरत नाही आणि सगळे कण जवळजवळ एकाच वेळी वाढायला लागतात. अर्ध्या तासाची दहा मिनिटं करून वेळ वाचवणारे पुढं टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) पाळी वाया घालवतात.

मिथेनॉल काढायची घाई हीदेखील नेहमीची चूक. आधी ७० च्या आसपास सावकाश, फेस बसेपर्यंत. मग १००-११० वर निर्वात, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. घड्याळाकडं बघून नाही, फ्लास्ककडं बघून. पंपाच्या आधी थंड ट्रॅप नसेल तर ते मिथेनॉल पंपाच्या तेलात जातं आणि पुढच्या महिन्यात निर्वातच नीट लागत नाही. वर जाताना १२० ते २०० च्या दरम्यान तडतड ऐकू आली, किंवा तापमान मध्येच अडून बसलं, तर आत पाणी-मिथेनॉल उरलंय हे नक्की. तिथंच थांबा, खाली या, पुन्हा निर्वात लावा. तसंच दामटलं तर हायड्रॉक्साइड किंवा ऑक्सिफ्लोराइडची भेसळ होते, आणि ती भेसळ एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) बारीक शिखरांमध्ये लपून बसते.

आपल्या हवेचा हिशेब

परदेशातल्या प्रयोगशाळेत लिहिलेली रेसिपी २२-२४ अंशांचं घर धरून लिहिलेली असते. इंदुरात जानेवारीच्या रात्री पारा १० च्या खाली जातो आणि मे महिन्यात दुपारी ४० च्या वर.

ओलेइक ॲसिड १३-१४ अंशांना गोठायला लागतं, ऑक्टाडेसीनही साधारण १५ ते १८ अंशांच्या दरम्यान. हिवाळ्यात सकाळी प्रयोगशाळा उघडल्यावर बाटलीत अर्धं घट्ट, अर्धं पातळ दिसतं. घाईत वरचं पातळ ओतून घेणं ही चूक इतकी साधी आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही. तुम्ही वापरता ते ओलेइक ॲसिड ९० टक्के शुद्धतेचं असेल, कधी त्याहून कमी. गोठताना त्याचे घटक वेगळे होतात. जे पातळ राहतं त्यात लिनोलेइकसारख्या, कमी तापमानाला गोठणाऱ्या आम्लांचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे तुम्ही वरून एक रसायन घेतलं आणि तळाशी दुसरं ठेवलं. मार्चमध्ये तीच बाटली "बदलल्यासारखी" वागते, ती यामुळं. पूर्ण बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळं वितळवा, हलवून एकजीव करा, मग घ्या.

आणि मोजण्याच्या सिलिंडरऐवजी वजनाने घ्या. ६ मिली ओलेइक ॲसिड म्हणजे सुमारे ५.४ ग्रॅम. जानेवारी ते मे या फरकात घनता दोनेक टक्क्यांनी हलते. वजनाला ऋतू लागत नाही. बाटलीचा लॉट नंबर वहीत उतरवा. नवा लॉट आला की जुन्या लॉटबरोबर एक समांतर बॅच काढा. मार्गदर्शक सर रसायनाच्या खर्चाबद्दल कुरकुरतील, कुरकुरू द्या.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. ऑक्टाडेसीनचा उत्कलनबिंदू ३१५ च्या आसपास सांगतात तो समुद्रसपाटीच्या दाबाला. इथं तो ३-४ अंश खाली येतो. ३०० वर याने काही बिघडत नाही. पण "३१० वर ठेवलं की कण मोठे मिळतात" हे वाचून सेटिंग वर नेणाऱ्यांना मात्र फ्लास्क उकळताना दिसतो, तापमान तिथंच अडकतं आणि कंट्रोलर मँटलला (फ्लास्कखालच्या तापकाला) अजून ताप देत राहतो.

थर्मोकपल द्रवात बुडालेला हवा. मँटल आणि काचेच्या मध्ये खोचलेला थर्मोकपल मँटलचं तापमान सांगतो. नव्या कंट्रोलरवर नुसत्या ऑक्टाडेसीनचा रिकामा फेरा घेऊन बघा, किती वर उसळी मारतो ते.

३०० वरचा गोंधळ: लवकर थांबणं आणि उशिरा थांबणं

फ्लास्क ३०० ला पोचतो तेव्हा आत असतात ते ५ ते ८ नॅनोमीटरचे घनाकृती बारके कण. काही वेळाने त्यातले थोडे षट्कोणी होतात. षट्कोणी प्रकार जास्त स्थिर, म्हणून बाकीचे घनाकृती कण विरघळून त्यांच्यावर जाऊन बसतात. साखरेच्या जुन्या पाकात बारीक कण नाहीसे होऊन मोठे खडे धरतात, तसंच. हा बदल हळूहळू होत नाही. बराच वेळ काहीच नाही आणि मग काही मिनिटांत सगळं उरकतं.

टीईएममध्ये ६ आणि २५ नॅनोमीटर अशा दोन वेगळ्या टोळ्या दिसल्या तर तुम्ही नेमके मध्यावर थांबलात. फार उशीर केला तर षट्कोणी कणच एकमेकांना खायला लागतात आणि साइजचा पसारा वाढतो. घड्याळाचा आकडा दुसऱ्याच्या पेपरातून उचलू नका. दर दहा मिनिटांनी पाव मिली नमुना काचेच्या सिरिंजने काढा, थंड होऊ द्या, ९८० च्या लेझरखाली ठेवा. बदल झाला की तेज एकदम चढतं, दोन नमुन्यांमधला फरक डोळ्याला दिसतो. त्यानंतर थोडा वेळ देऊन थांबवा. एकदा स्वतःच्या मँटलवर, स्वतःच्या फ्लास्कमध्ये ही वेळ कळली की ती तुमची. मात्र १०० मिलीच्या फ्लास्कवरून ५०० मिलीच्या फ्लास्कवर गेलात की ती पुन्हा शोधावी लागते, कारण तापण्याचा वेग पडतो. मिनिटाला १० अंशांच्या आसपासचा वेग मोठ्या फ्लास्कला झेपत नाही.

इथंच डोपंटचा, म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या आयनांचा, प्रश्न येतो. गॅडोलिनियमसारखा मोठा आयन घातला की षट्कोणी प्रकार लवकर बनतो आणि कण लहान राहतात. २०१० पासून हे चांगलं माहीत आहे. इटर्बियम इट्रियमपेक्षा लहान, त्याचं प्रमाण २० वरून ६० टक्क्यांवर नेलं की साइजही हलते. त्यामुळं "इटर्बियम वाढवल्यावर तेज वाढलं" असा आलेख काढताना सगळ्या नमुन्यांची साइज सारखी आहे का, हे आधी दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर परीक्षक विचारणार. विचारायलाच हवं.

गोल हवे होते, चकत्या आल्या

आकार ठरतो तो कुठल्या पृष्ठभागावर कोण चिकटून बसतं यावर. ओलेइक ॲसिड तसंच राहिलं तर एक वागणूक, हायड्रॉक्साइडमुळं ओलिएट आयन झालं तर दुसरी. ओलिएट षटकोनी स्फटिकाच्या बाजूच्या भिंतींना जास्त घट्ट धरतं, मग वाढ लांबीच्या दिशेने होते आणि कांड्या मिळतात. ओलिएट कमी पडलं की आडवी वाढ, म्हणजे चकत्या. म्हणून त्या १०० मिलिग्रॅम हायड्रॉक्साइडचा आग्रह. जुनी, हवेतला कार्बन डायऑक्साइड खाल्लेली गोळी वापरली की अल्कली कमी पडते आणि आकार बदलतो, बाकी सगळं जसंच्या तसं असून.

आकार मुद्दाम बदलायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट हलवा: ओलेइक ॲसिड आणि ऑक्टाडेसीनचं प्रमाण, किंवा हायड्रॉक्साइड, किंवा फ्लोराइड. तिन्ही एकदम हलवणाऱ्यांना सुंदर चित्रं मिळतात आणि कारण कधीच सापडत नाही.

ज्यांच्याकडे आर्गॉनची लाइन नाही ते टेफ्लॉनच्या ऑटोक्लेव्हमध्ये १८०-२०० अंशांना हायड्रोथर्मल पद्धतीने करतात. कण बहुधा मोठे, कांडीसारखे येतात. भांडं तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका आणि २२० च्या वर नेऊ नका, टेफ्लॉन दगा देतं. लहान गोल कण हवेत म्हणून या वाटेला जाऊ नये.

धुताना

१ मिलिमोलच्या बॅचमधून पूर्ण उतारा आला तरी कण २०६ मिलिग्रॅमच होतात. वाळवून ३०० भरले तर आनंद मानू नका; त्यात सोडियम फ्लोराइड आणि मोकळं ओलिएट आहे. सोडियम फ्लोराइड नुसत्या इथेनॉलने जात नाही, इथेनॉलमध्ये थोडं पाणी लागतं. पाणी ऊर्ध्वपातित घ्या. नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातलं कॅल्शियम फ्लोराइडबरोबर नवीच भानगड करतं.

उलट टोकही आहे. सहा-सात वेळा धुऊन, ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर भाजून काढलेली पावडर सायक्लोहेक्झेनमध्ये परत सुटत नाही. पृष्ठभागावरचं ओलिएट गेलं, कण चिकटले. दोन-तीन धुण्यांनंतर ओला गोळाच सायक्लोहेक्झेनमध्ये घ्या. आणि पॉलिस्टायरीनच्या नळ्या किंवा क्युव्हेट नकोत, सायक्लोहेक्झेन आणि टोल्युइनमध्ये त्या विरघळतात. मग प्लास्टिकचा पडदा टीईएमच्या ग्रिडवर जाऊन बसतो.

मोजताना होणाऱ्या चुका

एक्सआरडीत तांब्याच्या के-अल्फा किरणांना षट्कोणी प्रकाराची शिखरं १७.२, ३० आणि ४३.५ अंशांजवळ येतात, घनाकृतीची २८.२ आणि ४६.९ जवळ. ३८.८ ला काही उगवलं तर ते सोडियम फ्लोराइड, धुणं कमी पडलं. शिखराच्या रुंदीवरून साइज काढणाऱ्या शेररच्या सूत्रात एकच शिखर घालून "साइज २२.४७ नॅनोमीटर" असं दोन दशांशांत लिहिणं बंद करा. उपकरणाची स्वतःची रुंदी वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, आणि कांडी किंवा चकती असेल तर प्रत्येक दिशेची रुंदी वेगळी येते. उलट त्याचाच उपयोग करता येतो: ५२ अंशांजवळचं (००२) शिखर अरुंद आणि १७ जवळचं (१००) रुंद असेल तर कण उभट आहेत. चकत्या होल्डरवर सपाट पडल्या तर (००२) ची उंची उगाच वाढते. तो नवा स्फटिकप्रकार नव्हे.

टीईएममध्ये सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे उभी चकती. षटकोनी चकती आडवी पडली की षटकोन, कडेवर उभी राहिली की आयत. एकाच फोटोत दोन्ही दिसतात आणि मुलं लिहितात, "षटकोन आणि नॅनोकांड्यांचं मिश्रण मिळालं." स्टेज २०-३० अंश कलवून तोच भाग पुन्हा बघा. आयत रुंदावत गेले तर चकत्याच आहेत. थेंब पातळ ठेवा, कण एकमेकांवर चढलेले नकोत. साइज काढताना ग्रिडच्या वेगवेगळ्या चौकटींतले मिळून दोन-तीनशे कण मोजा. फोटोतला सगळ्यात देखणा कोपरा निवडून नाही.

डीएलएसचा (द्रवातल्या कणांनी विखुरलेल्या उजेडावरून साइज काढतात, त्या पद्धतीचा) आकडा टीईएमपेक्षा मोठा येणारच. तो ओलिएट आणि भोवतीच्या द्रवासकट मोजतो, शिवाय विखुरण त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतं. ३० नॅनोमीटरच्या कणापेक्षा ६० चा गठ्ठा ६४ पट जास्त बोलतो. मूठभर गठ्ठ्यांनी सगळा आलेख पळवला तरी कण वाईट आहेत असं नाही.

आता तेज. "ताई, लेझर मारला, मस्त हिरवं दिसतंय, म्हणजे झालं ना?" तर नाही झालं. दोन फोटॉनांच्या या प्रक्रियेत तेज कमी पॉवरला साधारण पॉवरच्या वर्गाने वाढतं. पॉवर १० टक्क्यांनी हलली की तेज २१ टक्क्यांनी. दोन नमुन्यांची तुलना करायची तर पॉवर मीटरने मोजा, लेझरचा ठिपका किती मोठा ते लिहा, नमुन्यांचं प्रमाण सारखं ठेवा. करंटच्या नॉबवरचा आकडा म्हणजे पॉवर नव्हे. आणि लहान कण मंद असतात ते काही तुमचं अपयश नाही. वरच्या अर्ध्या नॅनोमीटरच्या थराचा वाटा ३० च्या कणात सुमारे १० टक्के, १० च्या कणात २७ टक्के. तिथले आयन आजूबाजूच्या ओएच गटांना ऊर्जा देऊन टाकतात.

९८० चा किरण डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. दिसतो तो फक्त नमुन्याचा हिरवा उजेड, आणि सगळे त्यात वाकून बघतात. ९८० साठी ओडी (किरण किती अडवतो तो आकडा) लिहिलेला चष्माच घाला, वेल्डिंगचा काळा चष्मा चालत नाही. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण अर्धा वॉटच्या वरचा लेझर चौथ्या, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात मोडतो.

शेल चढवताना हिशेब चुकतो

मंद कणांवर उपाय म्हणून बिनडोपंटचा थर चढवतात. इथं मुलं व्यासाचा विचार करतात, घनफळाचा नाही. २० नॅनोमीटरच्या गाभ्यावर सगळीकडून ३ नॅनोमीटरचा थर म्हणजे २६ चा कण. घनफळ २.२ पट झालं, म्हणजे थराला गाभ्याच्या १.२ पट माल लागतो. आता धुताना ३० टक्के गाभे वाहून गेले असतील आणि तुम्ही १ मिलिमोल धरूनच माल घातला, तर उरलेल्या ०.७ वर तो सगळा चढून कण २८ च्या जवळ जातात, किंवा जास्तीचा माल स्वतंत्र बारके कण करून बसतो. शेलच्या आधी गाभ्यांच्या द्रावणाचं एक मिली वाळवून वजन करा, ओलिएटचा वाटा वजा करा, मग हिशेब मांडा.

इट्रियमवर इट्रियमचाच थर असेल तर टीईएममध्ये तो वेगळा दिसत नाही, दोघांची छटा एकच. साइज वाढली आणि उजेड टिकण्याचा काळ वाढला, हाच पुरावा.

राहिलेली किरकोळ लक्षणं. फ्लास्कमधला द्रव फिकट पिवळा झाला तर चिंता नको. गडद तपकिरी झाला तर हवा आत येतेय, सांधे आणि सेप्टम तपासा. क्लोराइड विरघळवताना १६० वर द्रव पूर्ण पारदर्शक व्हायलाच हवा. गढूळ असताना थंड करून पुढं गेलात तर ती बॅच तिथंच सोडा, मिथेनॉल वाया घालवू नका. सेंट्रिफ्यूज करून तळाशी काहीच बसलं नाही तर कण फार लहान राहिले असतील, इथेनॉल वाढवा आणि फेऱ्यांचा वेगही. आणि मे महिन्यात सायक्लोहेक्झेनच्या बाटल्या झाकणातून उडत राहतात. एप्रिलमध्ये लिहिलेलं "दर मिलीला १० मिलिग्रॅम" जूनमध्ये खरं नसतं, तेव्हा मोजमापाच्या दिवशी एक मिली पुन्हा वाळवून बघा.